लिनक्समधून 386 काढला त्याची गोष्ट: जुना कोड साठतो की साठू दिला जातो?

ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली की तिच्यात कुणालाच नको असलेला कोड साठत जाणारच, त्याला इलाज नाही, असं बरेच जण अगदी गृहीत धरून बोलतात. मला हे अर्धंच पटतं. कोड साठतो हे खरंय, पण कुठला राहतो आणि कुठला जातो हे नुसत्या वयावरून अजिबात सांगता येत नाही, आणि ते नीट समजायला एक प्रकरण मला फार उपयोगाचं वाटतं, डिसेंबर 2012 मध्ये लिनक्सच्या कर्नलमधून (म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्या मध्ये बसलेल्या त्याच्या गाभ्यातून) इंटेलच्या 80386 प्रोसेसरचा सपोर्ट काढून टाकला ते. यात काढलेला कोड अगदी थोडा होता, तो ज्या प्रोसेसरसाठी होता त्याच्यावरच लिनक्सचा जन्म झाला होता, आणि तरी तो गेल्यावर कर्नलवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. असं का झालं ते बघण्यासारखं आहे.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. 386 बाजारात आला 1985 मध्ये. इंटेलच्या त्या घराण्यातला हा पहिला 32 बिटचा प्रोसेसर, पेजिंग असलेला, म्हणजे मेमरी छोट्या छोट्या पानांत विभागून सांभाळणारा. लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते 386 च्या मशीनवर, आणि त्या ऑगस्टमधल्या त्याच्या पहिल्या जाहीर निरोपातसुद्धा हे 386 आणि 486 च्या मशीनसाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे तेव्हा 386 चा कोड हा कर्नलमधला एखादा कोपरा नव्हता, तोच सगळा कर्नल होता. पुढे 486, पेंटियम, मग 64 बिट, मल्टीकोर असं सगळं येत गेलं आणि प्रत्येक वेळी नवं आल्यावर जुनं चालू ठेवलं गेलं, कारण चालू ठेवायला त्या त्या वेळी फारसं काही पडत नव्हतं, चार ओळींची एक अट टाकली की काम भागायचं. अशा चार चार ओळी वीस वर्षं पडत राहिल्या.

आता नेमकं काय अडत होतं ते जवळून बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

पहिली गोष्ट मेमरीच्या संरक्षणाची. युनिक्ससारख्या सिस्टीममध्ये एक प्रोसेस स्वतःची प्रत काढते, म्हणजे फोर्क होतो, तेव्हा सगळी मेमरी लगेच कॉपी करत नाहीत, दोघांना तीच पानं दाखवतात आणि ती फक्त वाचण्यापुरती आहेत अशी खूण करून ठेवतात. कुणी लिहायला गेलं की प्रोसेसर अडवतो, कर्नलला हाक जाते, कर्नल त्या एका पानाची वेगळी प्रत काढून देतो आणि काम पुढे सरकतं. याला कॉपी-ऑन-राइट म्हणतात, आणि सगळं फिरतं प्रोसेसर अडवतो या एका भरवशावर. 386 मध्ये मात्र साधा प्रोग्राम लिहायला गेला तर प्रोसेसर अडवायचा, पण कर्नल स्वतः लिहायला गेला तर ती खूण बघायचाच नाही, सरळ लिहू द्यायचा. आता कर्नल प्रोग्रामच्या मेमरीत कधी लिहितो? सतत लिहितो. फाइल वाचायला सांगितली की वाचलेला डेटा प्रोग्रामच्या बफरमध्ये कर्नलच टाकतो. ते पान जर दोघांत वाटून घेतलेलं असेल, तर 386 वर एका प्रोसेसच्या फाइलचा डेटा दुसऱ्या प्रोसेसच्या मेमरीत पण दिसायला लागेल, आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

486 मध्ये, म्हणजे 1989 मध्ये, इंटेलने हे सुधारलं, एक बिट दिला, तो चालू केला की कर्नललाही ती खूण पाळावी लागते. पण 386 चालवायचा असेल तर हे सॉफ्टवेअरनेच सांभाळायला हवं, म्हणून कर्नलमध्ये प्रोग्रामच्या मेमरीत लिहिण्याआधी पान हाताने तपासायचा वेगळा रस्ता ठेवलेला होता. त्यात आणखी गुंता असा की तपासणं आणि लिहिणं यांच्या मध्ये काही घडलं, दुसरं काम मध्ये घुसलं आणि पेज टेबल (कुठलं पान कुठे आहे याची यादी) बदललं, तर तपासणी फुकट जाते. म्हणून पान पकडून ठेवायचं, तात्पुरतं मॅप करायचं, कॉपी करायचं, सोडायचं, असा सगळा खटाटोप. 32 बिटचा कर्नल सुरू होताना स्क्रीनवर एक ओळ यायची, हा प्रोसेसर कर्नलच्या लिहिण्यालाही राइट-प्रोटेक्ट पाळतो का ते तपासतोय, आणि पुढे ‘ओके’. लाखो लोकांनी ती ओळ वर्षानुवर्षं बघितली असेल. ती होती 386 साठी.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. दोन कोअर एकाच आकड्याला हात घालणार असतील तर ‘आकडा अजून तोच आहे का बघ, असेल तरच नवा टाक’ हे एका झटक्यात, मध्ये कुणालाही न येऊ देता करावं लागतं. याला कम्पेअर-अँड-एक्स्चेंज म्हणतात आणि आजचं बहुतेक सगळं लॉकिंग यावर उभं आहे. ही इन्स्ट्रक्शन 386 ला नाही, 486 पासून आली. बेरीज करून जुना आकडा परत देणारी इन्स्ट्रक्शन पण 486 चीच. मग 386 साठी काय करायचे, तर इंटरप्ट, म्हणजे चालू काम मध्येच थांबवणारे संकेत, बंद करायचे, आकडा वाचायचा, जुळला तर बदलायचा, इंटरप्ट परत चालू. 386 वर लिनक्स एकाच प्रोसेसरवर चालायचं त्यामुळे एवढं पुरायचं. कोड म्हणून बघाल तर पाच-सात ओळी, कुणीही वाचून समजेल असा.

मग त्रास कसला होता? त्रास त्या पाच-सात ओळींचा नव्हताच. ज्याला कर्नलमध्ये लॉकिंगची नवी पद्धत आणायची आहे, आकडे मोजायची वेगवान रीत आणायची आहे, त्याला दर वेळी विचार करावा लागायचा की ही इन्स्ट्रक्शन हातात असेलच असं नाही. सोळा कोअरच्या मशीनसाठी काम करणारा माणूस, त्याच्या डोक्यात कायम एक 1985 चा प्रोसेसर बसलेला. आणि 386 घेऊन कंपाइल केलेला कर्नल नव्या मशीनवर चालवला तर तिथेही रनटाइमला ‘मी 386 वर आहे का’ अशी विचारणा होत राहायची, तीही अगदी तळाच्या, सारख्या लागणाऱ्या फंक्शनमध्ये. शिवाय नवं काही लिहिलं आणि 386 वर ते मोडलं, तर ते कळणार कुणाला? टेस्ट करायला मशीनच कुणाकडे नाही. ज्या कोडची कुणी टेस्ट घेत नाही तो चालतोय असं म्हणायला काय आधार असतो सांगा, तो फक्त असतो.

निर्णय कसा झाला

पॅच, म्हणजे कोडमधले बदल, तयार केले कर्नल डेव्हलपर एच. पीटर अँविनने, आणि डिसेंबर 2012 मध्ये 3.8 च्या मर्ज विंडोत, म्हणजे नव्या आवृत्तीसाठी बदल घेण्याच्या काळात, दुसरा कर्नल डेव्हलपर इंगो मोल्नारने ते लिनसकडे पाठवले. आकडे बघा: 24 फाइली, 56 ओळी नव्या, 425 ओळी काढलेल्या. बस. कर्नल तेव्हाच दीड कोटी ओळींच्या पुढे गेलेला होता, त्यात ही चारेकशे ओळींची काटछाट म्हणजे आकड्यात काहीच नाही. पण इंगोने सोबत लिहिलं होतं ते महत्त्वाचं आहे: मल्टीप्रोसेसरच्या मूळ गोष्टींत काहीही बदल करायचा म्हटलं की या गुंत्यामुळे वर्षानुवर्षं जादा काम पडत होतं. आणि त्याने लिनसला हळहळत असंही सांगितलं की तुझं 1991 चं ते मूळ 386 मशीन आता नवा कर्नल बूट करू शकणार नाही. लिनसचं उत्तर थोडक्यात असं, की मी काही हळवा नाही, गेला ते बरंच झालं. फेब्रुवारी 2013 मध्ये 3.8 बाहेर पडला, 386 शिवाय.

मला यात लिनसच्या बेधडकपणापेक्षा त्याची वेळ जास्त बोलकी वाटते. फ्रीबीएसडी या दुसऱ्या युनिक्ससारख्या सिस्टीमने 386 सोडला होता 6.0 मध्ये, 2005 ला. डेबियन या लिनक्सच्या मोठ्या डिस्ट्रिब्युशननेही (कर्नल आणि प्रोग्राम यांचा तयार संच) त्याच वर्षी खरोखरच्या 386 चा सपोर्ट सोडला. इंटेलने एम्बेडेड वापरासाठी चालू ठेवलेलं 386 चं उत्पादनसुद्धा 2007 मध्ये थांबवलं. म्हणजे प्रोसेसर बनत नाही, मोठी डिस्ट्रिब्युशन त्यावर चालत नाहीत, आणि तरी कर्नलमध्ये त्याचा कोड पुढे पाच वर्षं तसाच. का? कारण काढणं हे कुणाचंच काम नव्हतं. ठेवण्याची किंमत थोडी थोडी करून सगळे भरत होते, आणि काढायचं म्हटलं तर कुणीतरी एकाने बसून सगळे कोपरे शोधायचे, पॅच लिहायचे, आणि वर ‘माझं मशीन बंद पाडलंस’ असं ऐकून घ्यायची तयारी ठेवायची. कोड साठतो तो या हिशोबामुळे, वय झालं म्हणून नाही. ज्या दिवशी किंमत भरणारा आणि काढायचा अधिकार असलेला माणूस एकच झाला, त्या दिवशी तो गेला.

ओळी मोजून काही कळत नाही

याच्या बरोबर उलटं प्रकरण शेजारी ठेवून बघा. 2018 मध्ये 4.17 मधून आठ प्रोसेसर आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरची आठ घराणी, एकदम काढली, ब्लॅकफिन, क्रिस, टाइल वगैरे, आणि जवळजवळ पाच लाख ओळी गेल्या. कर्नल आधीच्या आवृत्तीपेक्षा चक्क लहान झाला, जे क्वचितच होतं. ऐकायला हे 386 पेक्षा कितीतरी मोठं वाटतं. पण तो बहुतेक कोड आपापल्या फोल्डरमध्ये बसलेला होता, तुम्ही इंटेलच्या मशीनसाठी कर्नल बनवला तर त्यातली एकही ओळ कंपाइल व्हायची नाही, तुमच्या मशीनवर त्याचा भार शून्य. त्रास होता तो पूर्ण कर्नलभर एखादा बदल करणाऱ्यांना, की या आठही ठिकाणी जाऊन हात फिरवा, जिथे विचारायला कुणी मेंटेनर, म्हणजे तो कोड सांभाळणारा, उरलेला नाही आणि कंपाइलर पण जुनाच.

म्हणून ‘अमुक सिस्टीममध्ये इतके कोटी ओळी आहेत, म्हणजे बघा किती कचरा साठलाय’ हे वाक्य ऐकलं की मला ते थांबवावंसं वाटतं. लिनक्सच्या ओळींमधला अर्ध्याहून जास्त भाग ड्रायव्हरचा, म्हणजे एकेक उपकरण चालवणाऱ्या कोडचा, आहे, आणि तुमच्याकडे नसलेल्या कार्डाचा ड्रायव्हर डिस्कवर जागा खातो याच्यापलीकडे तुमचं काही बिघडवत नाही. चारशे ओळी मध्यभागी बसून पाच लाख ओळींपेक्षा जास्त छळू शकतात. विचारायचा प्रश्न तो कोड किती आहे हा नाही, तो कुणाच्या वाटेत उभा आहे हा आहे.

आणि जुनं म्हणजे निरुपयोगी असंही नाही. टर्मिनलचा जो कोड आहे, टीटीवाय म्हणतात तो, त्याच्या कल्पना टेलिप्रिंटरच्या काळातल्या आहेत, आणि आज कुणीही सर्व्हरवर लॉगिन केलं की तोच वापरतं. फ्लॉपीचं उदाहरण जास्त अवघड आहे. फ्लॉपी वापरणारे खरे लोक फारच थोडे राहिले, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये खोट्या फ्लॉपीवरून काहीतरी लोड करायची रीत बरीच टिकली, म्हणून तो कोड गरजेचा राहिला. आणि त्याच दुनियेत 2015 मध्ये व्हेनम नावाचा दोष सापडला, क्यूइमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये, जो तिथे 2004 पासून पडून होता. त्यातून व्हर्च्युअल मशीनमधून बाहेर होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, उडी मारता येण्याची शक्यता होती. यातली मला सगळ्यात बोचणारी गोष्ट ही, की फ्लॉपी बंद करून ठेवली असली तरी त्या दोषापर्यंत पोचता येत होतं. म्हणजे ‘वापरत नाही ना, मग असू दे पडून’ हे सुरक्षेच्या बाबतीत चालत नाही, कारण हल्ला करणारा तुम्ही काय वापरता ते बघतच नाही, काय उघडं आहे ते बघतो.

विंडोजचं दुखणं वेगळ्या जातीचं आहे आणि ते लिनक्सच्या मापाने मोजणं अन्याय होईल. 386 हा कर्नलच्या आतला मामला होता, तो काढल्याने 486 वर चालणारा एकही प्रोग्राम मोडला नाही. विंडोजचं जुनं सामान बहुतेक बाहेरच्यांना दिलेल्या शब्दाचं आहे. आजही विंडोजमध्ये ‘कॉन’ किंवा ‘नल’ ही डॉसची जुनी डिव्हाइसची नावं फाइलला देताना अडचण येते, कारण कुठेतरी कुणाचा तरी जुना प्रोग्राम त्या नावांवर विसंबून आहे. 16 बिटचे प्रोग्राम चालवायची सोय 1993 च्या एनटी 3.1 पासून 32 बिट विंडोजमध्ये होती, आणि 2010 च्या जानेवारीत सुरक्षा संशोधक टॅविस ऑर्मंडीने तिच्यातला असा दोष जाहीर केला की ज्याने साधा युजर थेट कर्नलचे अधिकार मिळवू शकेल, म्हणजे सतरा वर्षं तो दोष सगळ्या आवृत्त्यांतून प्रवास करत आला होता. ती सोय गेली कशी? कुणी धाडस करून काढली असं नाही. 64 बिट मोडमध्ये प्रोसेसरनेच व्हर्च्युअल 8086 मोड (ज्यावर ती सोय चालायची) ठेवला नाही, त्यामुळे 64 बिट विंडोज सुरुवातीपासून ती सोय न घेता आलं. नवी आवृत्ती म्हणजे नवा शब्द, जुन्या शब्दातून सुटायची संधी. ॲपलने तर हे उघडपणे केलं, 2019 च्या कॅटलिनामध्ये 32 बिट ॲप एकदम बंद, आणि ज्यांची ॲप गेली त्यांनी ते सोसलं. म्हणजे साठणं अटळ नाही हे दिसतंच, फक्त न साठवण्याची किंमत कोण भरणार हे प्रत्येकाने वेगळं ठरवलंय. लिनक्समध्येही बाहेरच्या प्रोग्रामला दिलेला शब्द मोडायचा नाही हा नियम कडक आहे. एआउट हा जुना एक्झिक्युटेबल फॉरमॅट, ज्याची जागा 1990 च्या दशकातच एल्फने घेतली, तो काढायला 2022 उजाडलं.

386 नंतर काय

386 गेल्यावर 486 तळाला आला आणि तीच गोष्ट पुन्हा सुरू झाली. आठ बाइटची कम्पेअर-अँड-एक्स्चेंज इन्स्ट्रक्शन आणि प्रोसेसरचा टाइमस्टॅम्प काउंटर हे पेंटियमपासून, 1993 पासून आहेत, 486 ला नाहीत, म्हणून परत इम्युलेशन, म्हणजे नसलेली इन्स्ट्रक्शन सॉफ्टवेअरने भागवणं, परत अटी. ऑक्टोबर 2022 मध्ये लिनसनेच सुचवलं की आता 486 सोडून देऊ, ज्यांच्याकडे असे प्रोसेसर आहेत त्यांच्याकडे ते संग्रहालयातल्या वस्तूसारखे आहेत, तर त्यांनी कर्नलही संग्रहालयातलाच चालवावा. एप्रिल 2025 मध्ये इंगो मोल्नारने तसे पॅच मांडले, 486 आणि सुरुवातीचे काही 586 (पेंटियमच्या पिढीचे) काढणारे, चौदा हजारांहून जास्त ओळी. त्यात मोठा वाटा आहे फ्लोटिंग पॉइंटची गणितं सॉफ्टवेअरने करणाऱ्या कोडचा, ज्या मशीनमध्ये गणिताची चिप नव्हती त्यांच्यासाठी लिहिलेला. हा कोड खरं तर बराचसा एका जागी बसलेला, कुणाला फारसा न छळणारा. छळतात त्या पुन्हा त्याच थोड्या ओळी, अ‍ॅटॉमिक आणि टाइमिंगच्या.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांनी कितीही ठरवलं तरी खालचं हार्डवेअर जुनं धरून बसलं तर तेवढा कोड ठेवावाच लागतो. आजचा 64 बिटचा इंटेल घराण्यातला प्रोसेसर चालू होतो तो अजूनही 16 बिटच्या रियल मोडमध्येच, 1978 च्या 8086 सारखा, आणि मग पायरी पायरीने वर येतो. इंटेलने 2023 मध्ये एक्स86एस नावाचा प्रस्ताव मांडला होता, हे सगळं काढून थेट 64 बिटमध्ये सुरू होणारा प्रोसेसर, पण 2024 च्या डिसेंबरपर्यंत तो सोडून दिला. तोवर त्या पायऱ्या चढण्याचा कोड कुठे ना कुठे राहणारच, फर्मवेअरमध्ये राहो नाहीतर कर्नलमध्ये.

आणि ज्याच्याकडे खरंच 386 होता त्याचं काय झालं, हे विचारलंच पाहिजे, कारण काढायची घाई असलेले लोक ते विचारत नाहीत. 3.8 आला म्हणून त्याचं मशीन बंद पडलं नाही. 3.2 ही 386 चालवू शकणारी आवृत्ती दीर्घ मुदतीची म्हणून सांभाळली जात होती आणि तिला 2018 पर्यंत दुरुस्त्या मिळत राहिल्या, म्हणजे 386 काढल्यानंतर पाच वर्षं. तोपर्यंत त्या प्रोसेसरला बाजारात येऊन तेहतीस वर्षं झाली होती. ज्या सिस्टीममध्ये अशी जुनी आवृत्ती वेगळी सांभाळायची सोय आहे तिथे पुढच्या आवृत्तीतून काहीतरी काढणं सोपं जातं, आणि जिथे सगळ्यांना ओढून एकाच आवृत्तीवर आणायचं धोरण आहे तिथे काढायला गेलं की कुणाचं तरी चालतं काम थेट थांबतं, म्हणून मग काढतच नाहीत.